बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार आणि बिघडलेल्या सवयी: आधी काय सुधारायचं, कसं सुधारायचं

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे भावना झटकन अनावर होणं, नाकारलं जाण्याची तीव्र भीती आणि उतावीळपणा. त्याचं निदान झालेल्या माणसाला सगळेच तोच तो सल्ला देतात: वेळेवर झोप, घरचं जेव, सिगारेट सोड, रोज चालायला जा. सल्ल्यात चूक काही नाही, तरी तो आठवडाभरात बारगळतो. कारण या माणसाच्या बाबतीत सिगारेट, खा-खा किंवा रात्रीचं जागरण ही नुसती सवय नसते. अनावर झालेली भावना कशीबशी खाली आणायला त्याच्या हाताशी तेवढंच असतं. ते काढून घ्यायचं तर त्या जागी आधी दुसरं काही द्यावं लागतं. शिवाय काय आधी सोडवायचं आणि काय नंतर, यालाही क्रम आहे. तो चुकला की घरात भांडणं वाढतात आणि सवय जिथल्या तिथे राहते.

हा संबंध अंदाजाचा नाही. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात १९९२ पासून बॉर्डरलाइन रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला गेला. त्यातला २००४ साली प्रसिद्ध झालेला एक भाग सवयींबद्दलच आहे. २६४ रुग्णांपैकी २०० जणांचा विकार सहा वर्षांत केव्हा ना केव्हा ओसरला होता, ६४ जणांचा ओसरला नव्हता. न ओसरलेल्या गटात लठ्ठपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि पाठदुखी जास्त होती. रोज पाकीटभर सिगारेट, रोज दारू, व्यायामाचा अभाव आणि रोज झोपेची गोळी हेही त्याच गटात जास्त. विकारामुळे सवयी बिघडल्या की सवयींमुळे विकार लांबला, हे या आकड्यांवरून ठरत नाही. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. २०१२ साली दक्षिण लंडनमधल्या मानसोपचार सेवांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान असलेल्या स्त्रियांचं अपेक्षित आयुष्य सर्वसाधारण लोकांपेक्षा १८.७ वर्षांनी आणि पुरुषांचं १७.७ वर्षांनी कमी निघालं. म्हणून वजन, साखर आणि तंबाखू हे विषय "आधी मन ठीक होऊ दे, मग बघू" म्हणत मागे टाकायचे नसतात.

मात्र उलट दिशेने निष्कर्ष काढू नका. निदानाचे नऊ निकष आहेत आणि त्यातले किमान पाच बसावे लागतात. खर्च, लैंगिक संबंध, नशा, बेफाम गाडी चालवणं, खा-खा यांपैकी किमान दोन बाबतींत घातक उतावीळपणा, हा त्यातला फक्त एक. दारू पिऊन गाडी हाणणारा पुतण्या तेवढ्यावरून बॉर्डरलाइन ठरत नाही. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच करतात.

पहिले दोन आठवडे: फक्त नोंद

पहिल्या दोन आठवड्यांत काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी या विकारासाठी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत, म्हणजे डीबीटीत, रोज एक डायरी कार्ड भरतात. त्याचं सुटसुटीत रूप घरीही चालतं. पाच गोष्टी पुरतात: उठण्याची वेळ, जेवणाच्या वेळा, चहा, तंबाखू आणि दारू किती, दिवसातली सर्वांत तीव्र भावना ० ते ५ मध्ये, आणि शेवटी दोन वेगळे रकाने, "करावंसं वाटलं" आणि "केलं".

हे दोन रकाने एकत्र करू नका. इच्छा ५ होती आणि सिगारेट ओढली नाही, असा एकही दिवस सापडला तर त्या दिवशी नेमकं काय वेगळं होतं हे विचारता येतं. उपचाराला उपयोगी पडणारी माहिती तिथेच असते. नुसतं "आज तीन ओढल्या" एवढं लिहिलं की हाती काही लागत नाही, फक्त अपराधीपणा वाढतो.

दुधाचा हिशेब लिहितात तसं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत हे लिहायचा मोह होतो. तो टाळा, ते घरातलं येणारं-जाणारं कुणीही वाचतं. खिशात मावेल अशी वही घ्या आणि झोपण्यापूर्वी दोन मिनिटांत भरा. रविवारी बसून सात दिवस एकदम भरले की त्यात फक्त रविवारचा मूड उतरतो. एखादा दिवस राहिला तर तो कोरा सोडून पुढे जा. "एक दिवस चुकला, म्हणजे सगळं वाया" हा सगळं-किंवा-काहीच-नाही विचार या विकारात इतका हमखास येतो, की कोरा चौकोन तसाच सोडता येणं हासुद्धा सरावच.

साखळी कशी उलगडायची

नोंदीतला एक वाईट दिवस घ्या आणि शेवटापासून मागे जा. उदाहरणादाखल नोकरी करणारी, पेइंग गेस्ट म्हणून राहणारी एक मुलगी धरू. रात्री दहाला तिने फॅमिली पॅक आइस्क्रीम, दोन पाकिटं वेफर्स आणि उरलेला पुलाव संपवला आणि मग खिडकीत उभं राहून लागोपाठ चार सिगारेटी ओढल्या. त्याआधी तासभर छातीत धडधड होती आणि "मी कुणालाच नको आहे" हे वाक्य डोक्यात घुमत होतं. त्याआधी साडेआठला मैत्रिणीला मेसेज केला होता. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. त्याआधी दुपारी मीटिंग लांबली म्हणून डबा तसाच परत आला होता. सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा. आदल्या रात्री दोनपर्यंत मोबाइल, म्हणजे जेमतेम साडेचार तास झोप.

साखळी कुठे तोडायची असं विचारलं की जवळपास सगळे निळ्या टिकांकडे बोट दाखवतात. ती सर्वांत अवघड जागा आहे. मैत्रीण कधी उत्तर देणार हे आपल्या हातात नाही, आणि नाकारलं जाण्याची भीती हा विकाराचा गाभाच असल्याने ती महिन्याभरात हटणार नाही. डबा मात्र हातात आहे. साडेचार तास झोपलेल्या आणि दुपारभर उपाशी राहिलेल्या मेंदूला तोच मेसेज ५ च्या तीव्रतेने लागतो. जेवलेल्या, झोपलेल्या मेंदूला कदाचित ३ ने. तीनला माणूस फोन बाजूला ठेवू शकतो. म्हणून सुरुवात झोप आणि जेवणापासून, आणि तंबाखू-दारू त्यानंतर. अपवाद एकच: दारू रोजची असेल तर आधी डॉक्टर.

अनावर क्षणासाठी थंड पाणी

सवयीला हात घालण्यापूर्वी हे शिकून ठेवा, आणि शांत दिवशी दोन-तीनदा करून पाहा. ऐन वादळात पहिल्यांदा केलं तर जमत नाही.

मोठ्या पातेल्यात किंवा टबात पाणी आणि बर्फाचे खडे घ्या. पाणी हाताला बोचेल इतकं गार हवं, पण दहा अंशांखाली नको. खाली वाकून श्वास रोखा आणि कपाळापासून गालापर्यंत चेहरा १५ ते ३० सेकंद बुडवा. डोळ्यांभोवतीच्या आणि गालांच्या कातडीला गारवा लागला आणि श्वास थांबला की शरीराची डुबकीची प्रतिक्रिया जागी होते आणि हृदयाची गती खाली येते. नुसत्या हातांवर पाणी घेतलं तर हा परिणाम मिळत नाही, आणि नेमकं तेवढंच करून "काही फरक पडला नाही" म्हणणारे बरेच असतात. हॉस्टेलवर टब नसेल तर बर्फ पातळ रुमालात गुंडाळून डोळ्यांवर आणि गालांवर धरा आणि श्वास रोखून किंचित पुढे वाका.

हृदयविकार असेल, नाडी मंद असेल किंवा जेवण अगदी तोडल्याने वजन फार उतरलं असेल तर हे करायचं नाही. प्रोप्रानोलॉल चालू असेल तरीही नाही. ही गोळी घाबरेपणासाठी सर्रास दिली जाते, त्यामुळे आपल्या चिठ्ठीतली नावं एकदा तपासा.

परिणाम काही मिनिटंच टिकतो. तेवढ्यात पुढचं करायचं: दहा मिनिटं जोरात जिने चढ-उतार, नंतर पाच मिनिटं चार आकडे श्वास आत आणि सहा आकडे बाहेर. याने प्रश्न सुटत नाही. तीव्रता ५ वरून ३ वर येते, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

झोप

झोपण्याच्या वेळेला हात लावू नका. उठण्याची वेळ पक्की करा आणि रविवारीही ती तासाभरापेक्षा जास्त हलू देऊ नका. सकाळी उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत किंवा बाहेर उजेडात. अंथरुणात पडून अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या जागी मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघत वीस मिनिटं मोजायची नाहीत. रात्री उशिरा एकटेपणा जास्त बोचतो म्हणून फोन हातात येतो. तो सोडायला सांगून कुणी सोडत नाही. चार्जर स्वयंपाकघरात नेला तर थोडं जमतं.

चहा-कॉफीतलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याच्या दुप्पट. म्हणून शेवटचा चहा दुपारी दोनपर्यंत. ऑफिसातला "चार वाजताचा कटिंग" इथेच नडतो.

"दोन पेग घेतले की झोप छान लागते" हे अर्धंच खरं आहे. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती उतरताना उत्तररात्री झोप तुटते, घाम येतो, विचित्र स्वप्नं पडतात, आणि दुसऱ्या दिवशी भावना जास्त सैरभैर होतात.

जेवण, आणि उपास

खा-खा होत असेल तर पहिलं काम कमी खाणं हे नाही, वेळेवर खाणं हे आहे. तीन जेवणं आणि मध्ये दोनदा थोडं काही. जागेपणी चार तासांपेक्षा जास्त खंड नको. रात्री भडाभडा खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी नाश्ता गाळला की पुढची खा-खा आपण स्वतःच ठरवून ठेवली असं समजा. बॅगेत चणे-फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, केळं यांपैकी काहीतरी असू द्या. दुपारचा डबा राहिलाच तर संध्याकाळी पाचला हे खायचं, आठपर्यंत ताणायचं नाही.

आपल्याकडे यात उपासाची भर पडते. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र: बाहेरून भक्ती दिसते आणि आत जेवण टाळायची हक्काची सबब मिळते. दिवसभर चहावर राहून रात्री चंद्रोदयानंतर हाताला लागेल ते खाणं हा खा-खाचा नमुनाच आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. नुसत्या खिचडीवर दिवस काढला की पुन्हा लवकर भूक लागते. उपास सोडणं घरात शक्य नसेल तर राजगिरा, वरी, दाण्याची आमटी, दही, दूध आणि फळं दर तीन-चार तासांनी घ्या. मूड स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू असेल तर निर्जळी उपास अजिबात करायचा नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. हात जास्त थरथरणं, जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनीही हेच होतं, आणि त्या मेडिकलवाला न विचारता देतो.

जेवणानंतर मुद्दाम उलटी करणं चालू असेल तर हे घरगुती वेळापत्रक पुरेसं नाही. रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. ते घसरलं तर हृदयाची लय बिघडते.

दारू

आधी मोजमाप. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीमध्ये, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. दहा ग्रॅमचं एक माप धरलं तर ही सहा मापं. "फक्त नाइन्टी" म्हणजे तीन. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार. वहीत पेग लिहू नका, मिली लिहा. घरातला पेग कधीच तीस मिलीचा नसतो.

रोज पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी हात थरथरत असतील किंवा घाम येत असेल तर, घरात शपथ घेऊन एकदम बंद करायची नाही. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, भास आणि ताप येऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. देवळात नेऊन दारू सोडवणाऱ्या घरांत नेमकं हे होतं, आणि थरथर दिसली की "नाटक करतोय" म्हणतात. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन करायचं. पुण्यात १९८६ पासून चालू असलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. दाखल करताना व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान आवर्जून सांगा, नाहीतर दारू सुटल्यावर उसळणाऱ्या भावना "शिस्त मोडली" या सदरात जातात आणि रुग्णाला मुदतीआधी घरी पाठवलं जातं.

दारू आणि अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या घाबरेपणाच्या किंवा झोपेच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर श्वास मंदावतो. दारू नसली तरी या गोळ्यांनी बॉर्डरलाइन व्यक्तीचा उरलासुरला ताबा सुटू शकतो.

तंबाखू

आधी प्रश्न नीट विचारा. "तंबाखू खाता का?" याला मशेरी लावणाऱ्या बायका नाही म्हणतात, आणि त्यांच्या लेखी ते खोटंही नसतं. मशेरी, गुटखा, मावा, खैनी, सिगारेट अशी नावं घेऊन विचारा.

सोडण्याची तारीख ठरवताना एक गोष्ट पाहा: तुमचा थेरपिस्ट सुट्टीवर जाणार आहे का? तसं असेल तर तारीख पुढे ढकला. निकोटिन सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता आणि रडू पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि दोन ते चार आठवडे रेंगाळतं. ते हुबेहूब विकार उसळल्यासारखं दिसतं, म्हणून घरचे घाबरून "ओढ बाबा एक" म्हणतात. हे दिवस कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

निकोटिन गम सुपारीसारखा चघळत राहिला तर उचकी, मळमळ आणि घशात जळजळ. सावकाश चावा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. एक गम साधारण अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे तलफ येण्याची वाट न पाहता दर एक-दोन तासांनी घ्या. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर २ मिलीग्रॅम पुरत नाही. ४ मिलीग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारा.

सिगारेटच्या आणि बिडीच्या धुरामुळे यकृत काही औषधं भराभर मोडतं. ओढणं थांबलं की ओलान्झापिन आणि क्लोझापिन या मानसोपचारातल्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि गुंगी चढते. त्यामुळे तारीख डॉक्टरांना आधी कळवा. कॅफिनचंही तसंच होतं, म्हणून त्या आठवड्यात चहा-कॉफी निम्म्यावर आणा; सिगारेट सोडल्यावरची निम्मी धडधड कधी कधी चहाचीच असते. मशेरी-गुटखा सोडताना हा प्रश्न येत नाही, कारण हे निकोटिनमुळे नाही, धुरामुळे घडतं. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६.

चालणं आणि औषधांनी वाढणारं वजन

आठवड्याला १५० मिनिटं हे अंतिम माप. सुरुवात दहा मिनिटांनी, रोज त्याच वेळी. वर्षाची जिमची फी एकदम भरणं हा उतावीळपणाचाच एक प्रकार, महिन्याची भरा. खाण्याचा त्रास असलेल्यांनी कॅलरी मोजणारं ॲप काढून टाका, नाहीतर चालणं ही शिक्षा होते.

व्यक्तिमत्त्व विकारावर म्हणून मान्यताप्राप्त असं औषध नाही. मुख्य उपचार थेरपीचाच. तरी झोपेसाठी क्वेटियापिन, रागासाठी ओलान्झापिन दिलं जातं आणि वजन वाढतं. सुरू करण्यापूर्वी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करून घ्या. वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी पुन्हा, रक्ततपासणी १२ आठवड्यांनी. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर. वजन मूळच्या ५ टक्क्यांहून वाढलं तर औषध बदलता येतं का विचारा. स्वतःहून बंद करू नका.

इतर व्यक्तिमत्त्व विकारांत साखळी वेगळी असते. लोकांना टाळणाऱ्या स्वभावाच्या विकारात माणूस लोक बघतील म्हणून मैदानावर जात नाही, त्याला पहाटेची रिकामी गल्ली किंवा घरातला व्यायाम द्या. अतिकाटेकोर स्वभावाच्या विकारात कामापायी जेवण-झोप जाते, आणि पथ्य दिलं तर त्याचाच छळवाद होतो. तिथे "आठवड्यातून पाच दिवस पुरे" असं लिहूनच द्यावं. संशयी विकारात तपासणीलाच नकार असतो. प्रत्येक चाचणी कशासाठी हे आधी सांगा आणि रिपोर्ट त्यांच्याच हाती द्या.

घरच्यांसाठी

वही तपासू नका. "परत खाल्लंस ना?" या प्रश्नाने लाज वाढते आणि लाज हीच पुढच्या खा-खाची पहिली कडी. त्याऐवजी "जेवायला वाढू का? मीही बसते" म्हणा. आईने पानात काय वाढलं यापेक्षा ती शेजारी बसली का, याचा उपयोग जास्त होतो. चांगल्या दिवशीही तितकंच लक्ष द्या. फक्त वाईट दिवशी धावत आलात तर वाईट दिवसच मोठा होतो. गोळ्या हाताशी एका आठवड्याच्याच ठेवा आणि बाकीच्या कुलपात.

स्वतःला इजा करण्याचं किंवा मरणाचं बोलणं निघालं तर "लक्ष वेधून घ्यायला करते" असं म्हणून सोडू नका. एकटं ठेवू नका, सरळ विचारा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, चोवीस तास. गोळ्या घेतल्या असतील तर वाट न पाहता १०८. रिकाम्या स्ट्रिप्स सोबत न्या, किती आणि केव्हा घेतल्या हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.